काकू, जरा फ्रेमच्या बाहेर

गेल्या रविवारी मला एका टेकडीवरून उठवण्यात आलं. टेकडी सरकारची, वारा देवाचा, चादर माझी, आणि उठवणारा कोण, तर कोणीच नाही. रखवालदार नाही, साहेब नाही, नुसता गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक इसम.

महिनाअखेर होती, मुलाची फी नुकतीच भरली होती, घरात बसलो असतो तर एकमेकांना खाल्लं असतं. अशा वेळी आमचं ठरलेलं असतं. बस पकडायची, डबा न्यायचा, घरूनच पाणी भरून घ्यायचं आणि अंधार पडायच्या आत परत. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ना, आम्ही अंथरूणच बरोबर नेतो. आणि हे हौसेने करतो हां, रडतखडत नाही.

तर चादर पसरून, डबा उघडून बसलोय तेवढ्यात आवाज आला, "काकू, जरा फ्रेमच्या बाहेर होता का?"

मी आधी मागे वळून बघितलं, कोण काकू आल्यात म्हणून. मागे कोणी नव्हतं. त्याच्या कानशिलावर माझ्यापेक्षा जास्त पांढरे केस होते, तरी काकू मीच.

"का हो?"

"तुमचा डबा येतोय."

"कुठे येतोय?"

"गोल्डन अवरमध्ये."

म्हणजे फोटोवाल्यांचं ते मावळतीचं सोनेरी ऊन. आता याला काय उत्तर द्यायचं! पुढे म्हणाला, चादरीचा कलर नेचरला जात नाही. चादर मरून, त्यावर पिवळी फुलं, आईने दिलेली. नवरा म्हणाला, "फुलं नेचरमध्येच असतात की." नवऱ्याचं हे दिवसभरातलं एकमेव शौर्य, त्यानंतर तो फितूर झाला, ते पुढे येईलच.

कड्याजवळ त्या इसमाची बायको उभी होती. लांबलचक पायघोळ गाऊन, पाठीमागे दहा फूट झूल, वाऱ्यावर उडणारी. समोरून बघाल तर महाराणी. मी बसले होते मागच्या बाजूला, त्यामुळे मला खरा इतिहास दिसत होता: गाऊन दोन साइज मोठा, म्हणून पाठीवर कपडे वाळत घालायचे चिमटे लावून आवळलेला. चार निळे आणि एक हिरवा. ती बिचारी श्वास रोखून उभी आणि हा ओरडतोय, "हसू नकोस, कँडिड पाहिजे. आता हस. अगं एवढं नाही! तोंडाने नको, डोळ्यांनी हस." मी मनात म्हटलं, बाई, ढकल त्याला, आम्ही काही बघितलं नाही म्हणून सांगू.

तेवढ्यात त्यांचा मुलगा आमच्या चादरीवर येऊन बसला आणि न विचारता डब्यात हात घातला. म्हटलं, अरे तुमच्याकडे तर एवढा मोठा केक आहे. तर म्हणतो, "तो खायचा नाहीये, फोटोचा आहे." मग मी त्याला आणखी वाढलं. त्याच्या बापाला खटकणारा डबा त्याच्या पोराने निम्मा संपवला, हे इथे नोंदवून ठेवते.

आणि नवरा? गाडीच्या काचेला लावतात ती चंदेरी शेड दोन्ही हातांत धरून उन्हाचा कवडसा त्या बाईच्या तोंडावर पाडत उभा. "थोडं डावीकडे सर," म्हणे. तो सर आणि मी काकू!

शेवटी मी डबा उचलायला लागले, तर हा म्हणतो कसा, "राहू दे काकू, एडिटमध्ये उडवतो तुम्हाला."

अरे मग उठवलंस कशाला?

मग चौकशी. "कुठे उतरलाय?"

नवरा म्हणाला, "बसमधून. खाली फाट्यावर."

"नाही नाही, म्हणजे स्टे कुठेय?"

"घरी."

"ओह, वन डे का." आणि अगदी हळू आवाजात, "अरेरे."

ते अरेरे मला अजून पचलेलं नाही. ज्या पर्यटनाच्या जोरावर लोक अरेरे म्हणतात ना, त्याची मोठी कंपनी सुरू झाली तीच मुळी एका स्वस्त वन डे पिकनिकमधून. ५ जुलै १८४१ ला थॉमस कुकने लेस्टरहून लाफबरोला रेल्वेने सुमारे ५०० माणसं नेली, माणशी एक शिलिंग, त्याच दिवशी परत. गेले कशाला, तर दारू सोडा सांगणाऱ्या सभेला! म्हणजे मजेची बाजूही तशी बेताचीच. पण कोणी त्यांना चादर उचला म्हटलं असेल असं मला वाटत नाही.

नवऱ्याला आकडे फार आवडतात. त्याने वर पोचल्या पोचल्या सांगितलं होतं की सपाटीवर उभं राहिलं तर क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरवर असतं, शंभरेक मीटर उंचीवर गेलात की ते जवळपास ३६ वर जातं. तेव्हा मी जांभई दिली होती. पण आता विचार करा, ३६ किलोमीटरची मोकळी दुनिया समोर आणि त्या माणसाला माझा वीतभर डबा नडतो.

बरं, तो एकटाच नाही हो. ती जागाच तशी करून ठेवलीय. प्रवेश मोफत असा मोठा बोर्ड, पण बाकडी सगळी तिकिटाच्या कुंपणाआड. नळ आहे, त्याची चावी काढून नेलीय, आणि नळाला खेटून बाटलीबंद पाण्याचा स्टॉल. संडासाला कुलूप, किल्ली कोणाकडे ते स्टॉलवाल्याला माहीत, पण आधी काहीतरी विकत घ्या. आणि एवढं चढून ज्याच्यासाठी यायचं तो सूर्यास्त आम्ही कधी पूर्ण बघतच नाही, कारण शेवटची बस त्याच्या आधी सुटते. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांच्यासाठीच सूर्य बुडतो. आम्हाला तो नारळाएवढा वर असतानाच पळावं लागतं, एका हातात चादर, दुसऱ्या हातात पोर, आणि पोर विचारतंय मी पण फोटोचा केक बघून येऊ का.

बसमध्ये जागा मिळाली नाही हे सांगायला नकोच. दांडीला लटकत मी त्या माणसाला मनातल्या मनात बरंच काही बोलून घेतलं, चिमट्यांसकट. नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पुढच्या वेळी प्लेन चादर घेऊ या का? ग्रे वगैरे. तो म्हणाला त्यात पॉइंट होता."