चुडा बाजारातून विकत घेतला असं मी लिहिणार नाही

आज दुपारी प्रकाशकांचा फोन आला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहून राहिली. कादंबरी आवडली म्हणे, प्रेमकथा तर फारच, फक्त ते एक प्रकरण "जरा सौम्य करा ताई". नायक बायकोसाठी बंगालातून शंखाचा चुडा आणतो ना, तो लुटीतला नको, बाजारातून विकत घेतला असं दाखवा, उगाच लोकांच्या भावना दुखावतात.

विकत! १७४२ ला सरदार भास्करराम कोल्हटकरांसोबत नागपूरच्या रघुजीराजे भोसल्यांची फौज बंगालात काय बाजार करायला गेली होती का? चौथाईसाठी, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा वसूल करायला गेली आणि गावंच्या गावं लुटली, जाळली. तिकडच्या अंगाईत आजही पोरांना बर्गी आले म्हणून भेव दाखवतात, आणि ते बर्गी म्हणजे आपल्या नागपूरकर भोसल्यांचे बारगीर. माझा नायक त्यातलाच, खालचा घोडासुद्धा सरकारचा.

माझी आजी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात गहू निवडता निवडता आजोबांच्या गोष्टी सांगायची. सुरुवात कायम एकच, "तुह्या आज्यानं माह्या पाटल्या मोडल्या." आकडा लावायचा नाद होता त्यांना, साडेतीन तोळ्यांच्या पाटल्या त्यातच गेल्या. आणि मग त्याच दमात, पटकीची साथ आली तेव्हा गल्लीतल्या मढ्यांना कोणी हात लावेना, तर हेच खांदा द्यायला गेले, दिवसातून दोनदोनदा. एक गोष्ट सांगायची आणि दुसरी लपवायची, असं तिनं कधी केलं नाही.

माझी नायिका मी तिथूनच घेतली. चुडा हातात चढवताना तिला नक्षीत अडकलेलं लाल काहीतरी दिसते. आधी वाटते रक्त आहे, नखानं खरवडून बघते तर कुंकू. तिकडच्या सवाष्णी शंखाच्या बांगडीलाही कुंकू लावतात. ती विचारते, हे कोणाच्या हातातलं? तो मान खाली घालून बसून राहते. बाजारातून आणलेल्या चुड्यावर हा प्रश्न येईल का? माझी सगळी प्रेमकथा त्या प्रश्नापासून सुरू होते हो!

आणि तो शूर नाही असं मी कुठे म्हटलं? १७४४ ला बंगालच्या नवाबानं भास्कररामांना बोलणीसाठी तंबूत बोलावून दग्यानं मारलं, सोबतचे सरदारही मारल्या गेले, फौज मागे फिरली. तेव्हा माझा हा गडी जखमी पोरांना घोड्यावर बसवून स्वतः पायी चालत येते. चुडा लुटणारे हात आणि लगाम धरणारे हात एकाच माणसाचे आहेत. पुढे नवाबासोबतच्या १७५१ च्या तहात १२ लाखांची चौथाई ठरली, ती आपण अभिमानानं सांगतो, मग त्या पैशाच्या आधी काय काय घडलं ते सांगायला लाज कशाची वाटते?

हो, आजकाल दोष दाखवायचा म्हणून बायकोवर हात उचलणारे गुंड नायक करून ठेवतात, ते मलाही पटत नाही, मान्य. पण त्यावर उपाय म्हणून गुळगुळीत पुतळा नको. नायक तापट आहे, हट्टी आहे, एवढेच दोष चालतात म्हणे. अरे, त्यानं कोणाचं काय नुकसान झालं? ज्याची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागली नाही, तो कसला दोष?

आजीनं पाटल्या शेवटपर्यंत माफ केल्या नाहीत. आजोबा गेल्यावर मामानं नवीन करून आणल्या तर घातल्या नाहीत, म्हणाली ज्यानं मोडल्या त्यानंच आणाव्या. अशी माया असते बायकांची. ती आंधळी नसते, सगळा हिशोब मांडून बसलेली असते. माझी नायिका तो चुडा घालत नाही, फेकतही नाही, नवऱ्याला सोडतही नाही, रोज त्याच्यासमोर कोनाड्यात ठेवते. हे काढून मी काय लिहू, गुलाबाची फुलं?

प्रकाशकांनाही पुस्तक विकायचं आहे, कळते मला. माणूस वाईट नाही तो. पण संध्याकाळी त्यांना कळवून टाकलं की प्रकरण आहे तसंच राहील, नाहीतर हस्तलिखित परत पाठवा. अजून उत्तर नाही. कोणाच्या ओळखीत ऐतिहासिक कादंबऱ्या काढणारे दुसरे कोणी असतील तर मेसेज करा, पण चुड्याचं आधीच सांगून ठेवा त्यांना.