पाणी दिसायला स्वच्छ आहे म्हणून आर्सेनिक नाही असं होत नाही

पाण्याचा विषय निघाला की बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात, गढूळ आहे का आणि वास येतो का, फार तर उकळून घेतात आणि मग निर्धास्त. आर्सेनिक या विषारी मूलद्रव्याच्या बाबतीत यातलं काहीही उपयोगाचं नाही. त्याला पाण्यात रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळलं तर पाण्याची वाफ होते आणि आर्सेनिक भांड्यातच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. आणि ते पेनासारखं टीडीएस मीटर बुडवून "बघा, रीडिंग किती कमी आलं" म्हणून खुश होणारे लोक बघितले की खरंच काळजी वाटते, कारण ते मीटर पाण्यातले सगळे क्षार मिळून एक आकडा देतं, तोही लिटरला मिलिग्रॅममध्ये, आणि आर्सेनिकची सेफ मर्यादा आहे लिटरला फक्त 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. त्या मीटरवर हे दिसणारच नाही.

दुसरं म्हणजे प्रदूषण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कारखानाच येतो. तांब्याच्या भट्ट्या, खाणी, कोळसा, जुनी कीटकनाशकं यातून आर्सेनिक येतंच, पण जगात सगळ्यात जास्त लोकांच्या पोटात ते गेलं ते जमिनीतूनच. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात लोहाच्या कणांना आर्सेनिक चिकटलेलं असतं, खाली ऑक्सिजन संपला की तिथले जीवाणू ते लोह विरघळवतात आणि आर्सेनिक मोकळं होऊन पाण्यात उतरतं. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात, पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात हेच झालं.

बांगलादेशचं तर वाचून जीव तुटतो. तळ्या-नद्यांचं घाण पाणी पिऊन मुलं जुलाबाने दगावत होती म्हणून 1970 च्या दशकापासून युनिसेफसारख्या संस्थांच्या मदतीने गावोगाव हातपंप बसवले गेले, हेतू शंभर टक्के चांगला, पाणी स्वच्छ, जंतू नाहीत. पण आर्सेनिकची टेस्ट कोणी केलीच नाही, कारण तेव्हा नेहमीच्या तपासणीत ती नव्हतीच. 1983 मध्ये कोलकात्यात त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधले पेशंट ओळखले. बांगलादेशातल्या विहिरींमध्ये आर्सेनिक आहे हे नक्की झालं 1993 मध्ये! खालचा गाळ तोच, मधे फक्त सीमा, आणि दहा वर्षं गेली. तेवढी वर्षं पंप बसतच होते आणि लोक पीत होते. पुढे 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये याला इतिहासातली सगळ्यात मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं गेलं, साडेतीन कोटी ते पावणेआठ कोटी लोकांना धोका असा अंदाज होता.

हे विष हळू काम करतं म्हणून कोणी घाबरत नाही. रोज थोडं थोडं, पाच-दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त. मग छातीवर पाठीवर काळपट ठिपके येतात, मधे मधे पांढरे, धुळीच्या रस्त्यावर पावसाचे थेंब पडल्यावर दिसतं तसं. तळहात आणि तळपाय जाड, खरखरीत होतात, मक्याच्या दाण्याएवढ्या टणक गाठी येतात, भेगा पडल्या की मूठ वळताना दुखतं. लोकांना वाटतं कुष्ठरोग आहे, त्यामुळे मुलींची लग्नं मोडली, पोरांना शाळेत वेगळं बसवलं. आणि कातडीवर दिसतं ते एवढंच, आत फुप्फुस, मूत्राशय आणि त्वचेचा कॅन्सर, हृदयाचे आजार, गर्भावर आणि लहान मुलांच्या बुद्धीवर परिणाम हे सगळं आहेच. ज्यांना खायलाच धड मिळत नाही त्यांना त्रास जास्त होतो.

चिलीमधल्या अँटोफगास्टा शहराचं उदाहरण मी सगळ्यांना सांगते. तिथे 1958 ते 1970 नळाच्या पाण्यात प्रचंड आर्सेनिक होतं, मग शुद्धीकरण प्लांट आला आणि प्रमाण झपाट्याने उतरलं. पण फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्यानंतर कित्येक दशकं जास्तच राहिले. म्हणून "अजून कोणी पेशंट दिसत नाही" हे उत्तर मला अजिबात मान्य नाही, पेशंट दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि इतक्या वर्षांच्या साठलेल्या परिणामावर हमखास असं औषध नाही, पहिला उपचार एकच, ते पाणी बंद करणं.

करता येण्यासारखं मात्र भरपूर आहे. बांगलादेशात नंतर जवळपास 50 लाख हातपंप तपासले, खराब तो लाल रंगवला, चांगला तो हिरवा, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं. एक पंप लाल आणि पन्नास पावलांवरचा हिरवा असंही निघतं, म्हणून शेजारच्याचा रिपोर्ट आपल्याला चालत नाही. आणि नुसते फिल्टर बसवून फोटो काढण्याच्या मी विरोधात आहे, पश्चिम बंगालमध्ये बसवलेले कितीतरी प्लांट देखभालीअभावी बंद पडले. आर्सेनिक काढणारा फिल्टर कधी ना कधी भरतो, मग पाणी तसंच येतं आणि पिणाऱ्याला पत्ताही नसतो. त्यामुळे फिल्टरमधून निघालेलं पाणीही दर काही महिन्यांनी तपासायलाच हवं.

रिपोर्ट हातात आला की एकक नीट बघा. मायक्रोग्रॅम किंवा पीपीबी (म्हणजे अब्जात किती भाग) लिहिलं असेल तर मर्यादा 10, मिलिग्रॅम असेल तर 0.01. 0.05 बघून "किती छोटा आकडा" म्हणून लोक सोडून देतात, तो पाचपट आहे.