432ची पुडी

व्हायोलिनच्या क्लासच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो: 'ए'ची तार 440 हर्ट्झला लावू नका, 432ला लावा. 440 म्हणे हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सने 1939मध्ये जगावर लादलं. 432 हा निसर्गाचा नाद, आपले ऋषी त्यातच गात. परवा एका विद्यार्थ्याच्या बाबांनी हे वाचून घरीच चारही तारा उतरवल्या. क्लासात पेटीबरोबर पहिला गज मारला आणि पोरानं तोंड वाकडं केलं.

गोबेल्सचं आधी. 440 सुचवलं ते योहान शायब्लर नावाच्या जर्मन रेशीम-कारखानदाराने, 1834 साली. गोबेल्स जन्मला 1897ला! मे 1939मध्ये लंडनच्या परिषदेत 440 ठरलं, एवढंच खरं. ब्रिटनमध्ये तेव्हा 439 चाले. पण प्रमाण सूर यंत्रात स्फटिकाच्या ठोक्यांना गुणून-भागून काढत, आणि 439 ही मूळ संख्या, ती तशी काढणं जिकिरीचं. 440 सहज निघतं.

निसर्गाचा नाद? हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं, आणि सेकंद माणसाने पाडलेला. ऋषींकडे पळं होती, एक पळ 24 सेकंदांचं. त्या हिशेबाने 432चे 10,368 होतात. आता शोधा त्यात ॐकार.

शिवाय आपला सा ठरलेला कधी होता? कुणाचा काळी एक, कुणाचा काळी पाच. आपल्याकडचे अनेक व्हायोलिनवादक तारा प-सा-प-सा लावतात, तेही गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे.

'432ला गोड वाजतं' हे मात्र मी खोडून काढणार नाही. आठ हर्ट्झ उतरवलं की तारेवरचा ताण साधारण साडेतीन टक्क्यांनी घटतो, आवाज जरा मऊ होतो. 425ला आणखी मऊ होईल. त्याचं गूढ काही नाही.

कान द्यायचा तो दोन तारांच्या नात्याकडे. 'ए' आणि 'ई' एका गजात वाजवा. जुळलेल्या नसतील तर आवाजात लाटा उठतात, वॉव-वॉव-वॉव. खुंटी हळू फिरवली की लाटा लांबत जातात आणि एका जागी थांबतात. तिथे 2:3 झालं. 'ए' 440 असेल तर 'ई' 660, 432 असेल तर 648; लाटा दोन्हीकडे सारख्याच थांबतात.

त्या मुलाला पेटी ऐकत 'ए' चढवायला सांगितलं, मग बाकीच्या. तीन लागल्या. 'ई' चढवताना तुटली. नवी तार बाबांनीच आणून दिली.