कळसूबाईपेक्षा ३०१ मीटरनं बुटका

नाताळ जवळ आला की ब्रिटनमधल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर स्कॉटलंडमधलं बेन नेव्हिस, उंची १,३४५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे ज्यानं कळसूबाई केलंय त्याला हा डोंगर किरकोळ. थंडी म्हणाल तर मनालीइतकीच. वरपर्यंत बांधलेली वाट आहे, मोबाइलवर नकाशा चालतो, अडकलात तर हेलिकॉप्टर फुकट येतं. हिवाळ्यात गर्दी नसते, तेव्हा ग्रुपच्या भानगडीत न पडता एकटे जा, खरा सह्याद्रीचा मावळा कसा असतो ते गोऱ्यांना दाखवा. खाली जय शिवराय.

मी मूळची नाशिकची. कळसूबाई किती वेळा केलं ते मोजणं कधीच सोडून दिलंय. गेली नऊ वर्षं ग्लासगोत आहे आणि डोंगरात एकटीनं जाते, हेही आधीच सांगून टाकते. त्यामुळे हे वाचून ‘घाबरट आहे’ असं कुणाला वाटलं तर वाटो. पण यंदा हा मेसेज वाचून लीड्समध्ये शिकणाऱ्या सांगलीच्या एका मुलानं मला विचारलं, “ताई, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी आहे. जाऊ का एकटा?” त्याला फोनवर जे सांगितलं, तेच जरा सविस्तर लिहितेय.

आधी तो उंचीचा हिशोब. आकडे बरोबर आहेत, वजाबाकीही बरोबर आहे. फक्त कळसूबाईला आपण बारी गावातून चढायला लागतो, आणि बारी काही समुद्रकिनाऱ्यावर नाही. घाट चढून एसटी आपल्याला आधीच बरंच वर आणून सोडते. बेन नेव्हिसची वाट सुरू होते ग्लेन नेव्हिसच्या दरीत, जवळजवळ समुद्रसपाटीला. त्यामुळे ते १,३४५ मीटर जवळजवळ सगळेच्या सगळे पायांनी चढायचे. म्हणजे नुसत्या चढाईच्या हिशोबातही हा ‘बुटका’ डोंगर कळसूबाईला भारी पडतो.

पण ही तक्रार मी बाजूला ठेवते, कारण उंचीचा आकडा इथं मुळातच कामाचा नाही. कळसूबाई साडेएकोणीस अंशांवर, बेन नेव्हिस जवळजवळ ५७ अंशांवर, आणि शेजारी अटलांटिक. या शिखरावर १८८३ ते १९०४ अशी एकवीस वर्षं वेधशाळा होती. माणसं बारा महिने वर राहायची आणि दिवसरात्र दर तासाला नोंद करायची. त्या नोंदी सांगतात, जानेवारीचं सरासरी तापमान उणे ४.४ अंश. वर्षाला सरासरी २६१ झंझावात. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात जवळपास ८० टक्के वेळ शिखर धुक्यात. हा शेवटचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जानेवारीतल्या पाच दिवसांपैकी चार दिवस तुम्हाला वरून काही दिसणार नाही, असं साधारण समजा. फोटोसाठी जाणाऱ्यांनी तरी याचा विचार करावा.

(याच वेधशाळेत १८९४ च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण काही दिवस कामाला होता. ढगांवर पडलेल्या सावलीभोवतीची रंगीत वर्तुळं पाहून तो खुळावला, खाली जाऊन प्रयोगशाळेत ढग तयार करायला लागला, आणि त्यातून सूक्ष्म कणांचा माग दाखवणारं क्लाउड चेंबर हे उपकरण आलं. १९२७ चं नोबेल. ती वर्तुळं म्हणजे कोकणकड्यावर आपण ज्याची वाट बघत बसतो ते इंद्रवज्रच. तेव्हा नातं जोडायचंच असेल तर असं जोडा की!)

मनालीइतकीच थंडी हा दुसरा मुद्दा. थर्मामीटर कदाचित तेवढाच आकडा दाखवेल. पण आपण मनालीत थंडी अनुभवतो ती हॉटेलच्या आवारात, कोरड्या हवेत, बहुतेक वेळा उन्हात. इथं उणे ५ अंशांत ताशी ६० किलोमीटरचा वारा लागला की उघड्या कातडीला ते उणे १६ सारखं वाटतं, आणि ६० चा वारा इथं कुणी विशेष धरत नाही. त्याहून वाईट म्हणजे ओल. खाली पाऊस, मध्ये गारठलेला चिखल आणि भिजका बर्फ, वर गोठवणारा वारा. तुम्ही खालीच भिजता आणि वर जाऊन गोठता. सह्याद्रीच्या पावसाळ्यात चिंब भिजून आपण टपरीवर चहा-भजी खातो, अंग आपोआप सुकतं. ती सवय इथं अंगाशी येते.

आणि थंडी आधी बोटांत शिरते असं आपल्याला वाटतं, पण बोटांच्या मागोमाग ती डोक्यात शिरते. एकट्यानं जाण्याबद्दलचा माझा खरा मुद्दा हाच आहे, म्हणून इथं जरा थांबते. शरीराचं तापमान उतरायला लागलं की माणूस अडखळतो, चिडचिडा होतो, बोलणं जड होतं, साधे निर्णय चुकायला लागतात. आणि हे सगळं होत असताना त्याला वाटत असतं की आपण अगदी ठीक आहोत. चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ग्लेनकोजवळच्या एका डोंगरावर मी मैत्रिणीबरोबर होते. पाच मिनिटं थांबलो. चॉकलेटचा कागद मला फाडता येईना आणि मी चॉकलेटलाच शिव्या द्यायला लागले. मैत्रीण म्हणाली, चल खाली. मी म्हटलं, मला काहीही झालेलं नाही, शिखर समोर आहे. तिनं ऐकलं नाही. माझ्या अंगावर तिचं जाड जाकीट चढवलं आणि मला ओढतच खाली आणलं. तासाभरानं गाडीत बसल्यावर मला कळलं की मधला अर्धा तास मला नीटसा आठवतच नाही. मला खात्री आहे, त्या दिवशी एकटी असते तर वरच गेले असते. धाडसानं नव्हे, मेंदू गारठला होता म्हणून.

कळसूबाईवर हा प्रश्नच येत नाही. शिड्यांवर मागून कुणीतरी “काकू, सरका” म्हणत असतं, वर लिंबूसरबतवाला असतो, नवरात्रात तर रांग लागते. आपण एकटे गेलो असं म्हणतो, पण खरं तर शंभर माणसांत असतो. तुमचा चेहरा पांढरा पडला तर विचारणारं कुणीतरी तिथं आहे. जानेवारीतल्या मंगळवारी बेन नेव्हिसवर कुणीही नसेल.

आता बांधलेली वाट. आहे, खरंच आहे. वेधशाळेसाठी घोड्यांची वाट म्हणून बांधली होती, आजही मुख्य वाट तीच. साधारण ५७० मीटरवर एक तळं लागतं, तिथपर्यंत हिवाळ्यातही ती बहुतेक वेळा सापडते. त्याच्या वरच्या नागमोडी वळणांवर बर्फ साचला की वळणं बुजून जातात आणि उरतो एकच सलग उतार. तुमच्या मोबाइलमध्ये मात्र ती वळणं अजून छान निळ्या रेघेत दिसत असतात. रेघ खोटी नाही, पण तिच्यावर पाय ठेवायला जागा नसते. अशा कडक उतारावर पाय घसरला तर आइस ॲक्स (बर्फात वापरायची कुदळ) बर्फात रुतवून स्वतःला थांबवावं लागतं, आणि ते क्षणात. व्हिडिओ बघून ते येत नाही. सुरक्षित उतारावर पन्नास वेळा मुद्दाम पडून येतं. ऑनलाइन मागवलेल्या, बुटांना ताणून बसवायच्या साखळ्या सपाट गोठलेल्या वाटेवर उत्तम. त्या उतारावर क्रॅम्पॉनच, म्हणजे बुटाखाली बांधायचे लांब टोकदार लोखंडी काटेच हवेत.

शिखर म्हणजे एक मोठं दगडी पठार. उत्तरेला सरळ कडा, आणि त्याच्या ओठावर वाऱ्यानं बनवलेले बर्फाचे छज्जे, वरून बघितलं तर जमीनच वाटावी असे. पांढऱ्या धुक्यात पांढरा बर्फ, जमीन कुठं संपते ते कळत नाही. अशा वेळी उतरायचं कसं, हे इथल्या नकाशांवर चक्क छापलेलं असतं: शिखरावरच्या खांबापासून २३१ अंशांवर १५० मीटर, मग २८२ अंश. हे नकाशाचे अंश, होकायंत्रासाठी चुंबकीय फरक धरायचा. पहिल्या टप्प्यात उजवीकडे झुकलात तर गार्डीलू गलीचं तोंड. पुढं डावीकडे सरकलात तर फाइव्ह फिंगर गली. आपल्या भाषेत दोन्ही नाळाच, म्हणजे कड्यातल्या उभ्या घळी. फाइव्ह फिंगर गलीनं आजवर बरेच बळी घेतलेत, आणि त्यातले बरेचजण शिखर करून खाली येत होते.

ते १५० मीटर दोघं असतील तर कसे चालतात? एक पुढं जातो, दुसरा मागं उभा राहून होकायंत्रातून बघतो आणि ओरडतो, “डावीकडे, अजून थोडं.” पुढचा माणूस हाच खुणेचा खांब. एकट्याला हा खांब नसतो. तो वाऱ्यात पावलं मोजत, आपण सरळ चाललोय अशा समजुतीवर चालतो. चकवा लागणं म्हणजे काय ते आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. आणि मोबाइल? थंडीत बॅटरी बघता बघता उतरते, जाड हातमोज्यांनी स्क्रीन चालत नाही, हातमोजा काढला तर वारा तो उडवून नेतो. माझा एक गेलाय.

मेसेजमध्ये उजेडाचा उल्लेखही नाही, याची मला गंमत वाटते. नाशिकला डिसेंबरात सहा वाजेपर्यंत दिसतं. बेन नेव्हिसच्या पायथ्याच्या फोर्ट विल्यमला डिसेंबरअखेर सूर्य पावणेनऊनंतर उगवतो आणि पावणेचारच्या सुमारास मावळतो. हातात पुरते सात तासही नाहीत. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला, तो आजही वापरतात: दर तीन मैलांना एक तास, आणि दर २,००० फूट चढाईला आणखी एक. बेन नेव्हिसची जाऊन-येऊन वाट साधारण १७ किलोमीटर. हिशोब येतो पावणेसहा तासांच्या जवळपास. हा कोरड्या वाटेवरचा, एकही थांबा न घेता. बर्फात क्रॅम्पॉन चढवणं-उतरवणं, खाणं, रस्ता शोधणं धरा. म्हणजे उतार अंधारात, आणि तोही त्या नाळांच्या शेजारून.

हेलिकॉप्टर फुकट आहे हे खरं. बचाव पथकंही एक पेनी घेत नाहीत. पण ढगात हेलिकॉप्टर शिखरापर्यंत येऊ शकत नाही, आणि शिखर किती दिवस ढगात असतं ते वर सांगितलंच आहे. मग लोखाबर, म्हणजे याच भागातल्या, माउंटन रेस्क्यूची माणसं पायी येतात. कुणी सुतार, कुणी शिक्षक. सगळे स्वयंसेवक, हातातलं काम टाकून आलेले. तुम्हाला आधी ९९९ ला फोन लावता आला पाहिजे, पोलीस मागून मग माउंटन रेस्क्यू मागता आलं पाहिजे, आणि त्यानंतर कित्येक तास मोडक्या पायानं त्या वाऱ्यात पडून राहता आलं पाहिजे. दुसरं माणूस असेल तर ते तुम्हाला पिशवीत कोंबतं, बोलतं ठेवतं, सिग्नल मिळेल तिथं जातं. (९९९ ला मेसेजही करता येतो, पण त्यासाठी नंबर आधी नोंदवावा लागतो. ‘register’ हा शब्द त्याच क्रमांकावर पाठवायचा. दोन मिनिटांचं काम आहे, इथल्या प्रत्येकानं आजच करावं.)

तर मग एकट्यानं जाऊच नये का? मेसेजमधल्या या एका गोष्टीशी मी सहमत आहे: एकट्यानं डोंगरात जाण्याची मजा वेगळी असते. बर्फावर फक्त आपल्या पावलांचा आवाज. ते मला कुणी बंद कर म्हटलं तर मी ऐकणार नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं डोंगरात हिंडायचा हक्क सगळ्यांना आहे. वनखात्याची चौकी नाही, पावती नाही, अडवणारं कुणी नाही. आणि ग्रुप म्हणजे सुरक्षितता, असंही मी म्हणणार नाही. १९७१ च्या नोव्हेंबरात केर्नगॉर्मच्या पठारावर हिमवादळात एडिंबराच्या शाळेतली पाच मुलं आणि त्यांची तरुण सहायक प्रशिक्षिका गेली. ती मुलं एकटी नव्हती. बरोबर माणसं होती, प्रशिक्षक होती, मुक्कामाची झोपडी ठरलेली होती. ती झोपडीच सापडली नाही.

म्हणून “तू कळसूबाई केलंयस का” हे मी त्या मुलाला विचारलंच नाही. आदल्या संध्याकाळी डोंगरी हवामानाचा अंदाज आणि लोखाबरचा हिमस्खलनाचा अंदाज वाचतोस का, ते विचारलं. असे अंदाज निघतात हेच त्याला माहीत नव्हतं. बर्फावर मुद्दाम पडून बघितलंयस का? नाही. शिखर दिसत असताना कधी परत फिरलायस का? यावर तो जरा गप्प झाला आणि मग म्हणाला, “ताई, परत फिरायला मग गेलोच कशाला?”

मी त्याला जाऊ नकोस म्हटलं नाही. एवढ्या लांब येणार, तिकीट काढलेलं. म्हटलं, त्या तळ्यापर्यंत जा. वाट बर्फाखाली जिथं दिसेनाशी होईल तिथं, किंवा साडेअकरा वाजता, जे आधी होईल तेव्हा मागं फीर. निघताना मला मेसेज कर, गाडीशी आलास की दुसरा. चारपर्यंत दुसरा आला नाही तर मी पोलिसांना फोन करणार, लाज वाटली तरी चालेल.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आला. “तळ्यापर्यंत गेलो. पुढं नुसतं पांढरं. फोटो एकदम बेकार आलेत. भूक लागलीय, इथं काय मिळतं?”