बोअरचं पाणी, चुना आणि पॅराथायरॉईड

दादा, नमस्कार. किडनीत कॅल्शियमचे कण साचण्यामागे पॅराथायरॉईड ग्रंथींचा हार्मोन असू शकतो, या माझ्या म्हणण्यावर तुमचा आक्षेप असा: "परभणीकडं बोअरचं पाणी इतकं जड की हंड्याला पांढरा थर धरतो. तोच किडनीत बसतो, मग हार्मोन कशाला मधे आणता? दूध बंद करा, गव्हाएवढा चुना रोज खा."

आधी पाण्याचा हिशेब करू. जडपणा (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) लिटरला ६०० मिलिग्रॅम, म्हणजे बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) कमाल मर्यादेइतका, आणि तो सगळा कॅल्शियमचाच धरला, तरी लिटरमागे कॅल्शियम २४० मिलिग्रॅम. ग्लासभर दुधात साधारण तेवढंच असतं. निरोगी माणसात थायरॉईडमागच्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी लगेच पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम वाढवणारा त्यांचा हार्मोन) कमी करतात, आतडं कमी शोषतं, उरलेलं लघवीवाटे जातं.

बिघाड होतो तो या ग्रंथींपैकी एखादीत गाठ झाली की. रक्तात कॅल्शियम चढलेलं असूनही पीटीएच सुटतच राहतो. तो हाडांतून कॅल्शियम ओढतो, आणि किडनीत ड जीवनसत्त्व सक्रिय करून आतड्यातूनही जास्त आत घेतो. किडनीनं कॅल्शियम परत घ्यावं असंही तो बघतो, पण गाळून येणारंच इतकं असतं की लघवीत उतरतंच. सोबत लघवीतलं फॉस्फेटही वाढतं, आणि दोन्ही मिळून किडनीच्या आतल्या भागात कण साचतात. मुतखडा पोकळीत असतो, हे कण थेट किडनीच्या मांसात. त्यातच वाढलेल्या कॅल्शियममुळे किडनीला पाणी राखता येत नाही. लघवी जास्त होते, अंगातलं पाणी घटतं, कॅल्शियम आणखी चढतं. मे महिन्याच्या उन्हात तर फारच लवकर.

दूध मात्र तोडू नका. त्यातलं कॅल्शियम जेवणातलं, मुतखडा करणारं ऑक्सलेट आतड्यातच बांधून ठेवतं. चुन्याचं उलट आहे: त्याच्या अल्कलीमुळे किडनी कॅल्शियम धरून ठेवते. मला खरी काळजी वाटते ती दिवसभर पान-तंबाखूतला चुना, वर कॅल्शियमच्या गोळ्या, आणि ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाऊच आठवड्याऐवजी रोज, या एकत्र माऱ्याची. ड चरबीत साठतं, त्यामुळे पाऊच थांबवलं तरी कॅल्शियम कित्येक आठवडे चढलेलं राहू शकतं.

सोनोग्राफीत नेफ्रोकॅल्सिनोसिस (म्हणजे किडनीच्या मांसात साचलेले हेच कण) आलं असेल, तर एकाच वेळी घेतलेल्या रक्तातून कॅल्शियम, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, पीटीएच आणि ड तपासा. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) डेसिलिटरला ४ ग्रॅमपेक्षा जितकं कमी, तेवढ्या प्रत्येक १ ग्रॅममागे कॅल्शियमच्या आकड्यात ०.८ मिलिग्रॅम मिळवा. कॅल्शियम डेसिलिटरला १०.५ मिलिग्रॅमच्या वर आणि पीटीएच जास्त, किंवा अगदी 'नॉर्मल' असला, तरी संशय ग्रंथीवरच. पीटीएच दबलेला असेल तर चुना, गोळ्या, पाऊच यांचा हिशेब डॉक्टरांपुढे न लपवता मांडा.