तक्रार आधी, विचारपूस नंतर

समजा, सोलापुरात कन्ना चौकापलीकडच्या एका अक्कांकडून तुम्ही पाव किलो शेंगा चटणी आणलीत. कडक भाकरी मोडून, चटणीवर दही घालून, बोटं चाटत खाल्लीत. मग चष्मा लावून पुडा उलटापालटा केलात, तर तारीखच नाही! अशा वेळी एक चूक अजिबात करू नका. अक्कांना विचारायला जाऊ नका.

विचारलंत की घात झाला. त्या म्हणणार, "तारीख मारते की ओ सर, पण चटणीला तेल सुटतंय. हात लागला की शिक्का जातोय." मग पुड्यावरचा तो जांभळा डाग तुम्हाला आठवणार, मघाशी घाण समजून तुम्हीच अंगठ्याने पुसलेला. तुम्ही म्हणणार, "कोरड्या पुड्याला आधी लेबल लावा, त्यावर शिक्का मारा, चटणी मग भरा." त्या म्हणणार, "हे बरं सांगितलं बघा." झालं! पाच मिनिटांत काम संपलं, वर मूठभर चटणी फुकट. जागरूक नागरिकाने छाती फुगवायची कशावर?

म्हणून थेट मोबाईल काढा आणि अन्न व औषध प्रशासन खात्याकडे तक्रार ठोका. 'जनतेच्या आरोग्याशी खेळ' हे शब्द हवेतच. फोटो जोडा, पण पुड्यावरचा 14 आकडी नोंदणी क्रमांक त्यात येऊ देऊ नका; बाईने रीतसर नोंदणी केलीय हे कळलं तर तक्रारीतली हवाच जायची. उरलेली चटणी पुरावा म्हणून ठेवा. संध्याकाळपर्यंत उरली तर.

आणि हो, ज्या मोठ्या दुकानात डांबरासारख्या काळ्या तेलात भजी तळतात, तिकडे वळू नका. असल्या तेलासाठीच खरं तर ते खातं आहे, तिथे विचारपूस करत बसायचंही कारण नाही. पण मालक ओळखीचे. दर जानेवारीला गड्ड्याच्या जत्रेत भेटतात, आवर्जून चहा पाजतात. माणुसकी म्हणून काही असतं की नाही?

महिनाभराने पुन्हा चटणीची आठवण येईल. निर्धास्त जा. अक्का पुडा बांधता बांधता म्हणतील, "सर, कुणी तर तक्रार केलंय. मला तेलुगू वाचता येतंय, ह्यातलं काय कळंना. तुम्ही शिकलेले, जरा बघा की."

कागद हातात घ्या. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006, कलम 32, सुधारणा नोटीस. सुधारायला किमान 14 दिवस द्यावेच लागतात, नाही सुधारलं तर परवान्यावर गदा. आवाज न कापता वाचा. "कोण असंल ओ?" असं विचारलं तर, "हल्ली लोकांना उद्योग नाहीत," म्हणा.

त्या वजन झाल्यावर वर एक चमचा जास्त घालतील. नको म्हणू नका, संशय येतो.