रॉड्रिग्ज ट्रिपच्या १ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू पूर्ण वाचला. "बेटावर बघण्यासारखं काहीच नाही, ज्वालामुखी म्हणाले आणि साधा धूर पण दिसला नाही, अंघोळीला पाणी मोजून, सगळीकडे ऑक्टोपसचा वास, बीचला गाडी जात नाही, बाजारात टेबलं रिकामी, अर्धे पैसे परत द्या" असं तुम्ही लिहिलंय. इथे बाकीचे लोकही वाचतात म्हणून इथेच लिहितो.

पहिलं पाण्याचं. रॉड्रिग्ज म्हणजे हिंदी महासागरातलं, मॉरिशस देशाचं छोटं बेट. तिथे पाण्याची टंचाई कायमची आहे, नळाला रोज पाणी येत नाही, लोक टाक्यांमध्ये साठवून वापरतात. ज्या घरात तुम्ही राहिलात त्या मावशींनी शॉवर लवकर बंद करायला सांगितला तो कंजूषपणा नाही हो, त्यांच्या घरातली माणसं पण तेवढ्यातच भागवतात. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण पाहुण्यांसाठी लाल बीन्स, मक्याचं जेवण, लिंबाचं लोणचं सगळं त्या स्वतःच्या हाताने करतात. रिसॉर्ट नाही, कुटुंबाच्या घरी राहायचंय, हे बुकिंगच्या वेळी पाठवलेल्या कागदावर पहिल्याच ओळीत आहे.

ज्वालामुखीचं म्हणाल तर बेट लाव्ह्यातूनच बनलंय पण लाखो वर्षांपूर्वीच शांत झालंय. सगळ्यात उंच डोंगर मों लिमों, 398 मीटर, तिथपर्यंत पायाखाली काळा बसाल्ट खडक, आपल्या सह्याद्रीसारखाच. धगधगता ज्वालामुखी बघायचा तर रियुनियन बेटावर जावं लागतं, ती ट्रिप वेगळी.

आणि "काहीच नाही" हे मला अजिबात पटत नाही. बेट जेमतेम 108 चौरस किलोमीटर आणि भोवतीचं लगून, म्हणजे प्रवाळांच्या आतलं उथळ समुद्राचं पाणी, त्याच्या जवळपास दुप्पट. ओहोटीला बायका चालत आत जाऊन ऑक्टोपस पकडतात, मग काठ्यांवर वाळत घालतात, तोच तो वास. त्यावर घरं चालतात त्यांची. 2012 पासून दरवर्षी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये दोन महिने पकडायला बंदी असते, आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात मासेमारी बंद असते ना तसंच, आणि ती बंदी लोक पाळतात म्हणून तिथे अजून ऑक्टोपस आहे. बेटावरची मूळची मोठी कासवं माणसांनी खाऊन आणि जहाजं भरून नेऊन 1800 च्या सुमारास संपवली, आज फ्रांस्वा लेगा रिझर्व्हमध्ये दुसऱ्या बेटांवरच्या जातींची कासवं आणून वाढवतात आणि सोबत इथली मूळ झाडं परत लावतात. तुम्ही त्या दिवशी रूमवर थांबलात, तुमच्या ग्रुपमधल्या आजी मात्र तिथून निघायलाच तयार नव्हत्या.

त्रू दार्जां बीचला रस्ता नाही हे खरंय, साँ फ्रांस्वा गावापासून समुद्राच्या कडेकडेने पायवाटेनेच जायचं. तिथे रस्ता होऊ नये असं मला मनापासून वाटतं, तक्रारी आल्या तरी. रस्ता झाला की मागून हॉटेल येतं, स्पीकर येतो, आणि मग आपण इतक्या लांब, मॉरिशसहून अजून दीड तास छोट्या विमानात बसून कशासाठी जायचं?

बेटावरचं मुख्य गाव पोर्ट मॅथुरिन, तिथला शनिवारचा बाजार पहाटेच सुरू होतो आणि सकाळीच आटोपतो, दहा नंतर गेलं तर टेबलं रिकामी दिसणारच, म्हणून आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज टाकला होता.

पैशांचं: इल ओ कोको या जवळच्या छोट्या बेटावर जाणारी बोट वाऱ्यामुळे रद्द झाली होती, ते पैसे सगळ्यांना परत दिलेत, तुमच्या मिस्टरांच्या खात्यात गेलेत, एकदा चेक करा. बाकी राहणं-जेवण-विमान सगळं वापरलं गेलंय, त्याचे अर्धे परत देणं शक्य नाही.

तुम्हाला शॉपिंग, पूल, रात्रीची वर्दळ हवी असेल तर मॉरिशसच्या ‘ग्रां बे’ गावात हॉटेल बघून देतो, हक्काने फोन करा. आणि हा रिव्ह्यू वाचून रॉड्रिग्जचा विचार करणाऱ्यांनी पण बुकिंगआधी एकदा बोला, जानेवारी ते मार्च चक्रीवादळांमुळे आम्ही तिकडे ग्रुप नेत नाही, बाकी महिन्यांचं आरामात ठरवता येईल.